मध्य रेल्वेवर घर शोधताय? आधी वस्ती पायी फिरा: दादर ते कल्याण

मुंबईत नोकरी लागल्याचं कळलं की गावाकडून पहिला फोन येतो तो "राहणार कुठे?" हे विचारायला. मग रात्र रात्र मोबाईलवर घरांचे फोटो बघणं सुरू होतं. फोटोत खिडकी दिसते, ओटा दिसतो, पंखे मोजता येतात. त्या घराकडे जाणारी गल्ली, स्टेशनचा पूल, सकाळी साडेआठला फलाटावर उभी असलेली माणसं यातलं काहीच दिसत नाही. आणि पुढची काही वर्षं रोज गाठ पडते ती यांच्याशीच.

मी २००८ साली बार्शीहून आलो. आधी कळवा, मग मुलुंड पूर्व, आणि आता बरीच वर्षं डोंबिवली. दरवर्षी जूनच्या सुमारास नात्यातलं, ओळखीतलं कुणीतरी येतं आणि मी त्यांना घेऊन गाडीत बसतो. दलालाला फोन करायच्या आधी दोन-तीन फेऱ्या मारायच्या, पायी फिरायचं, मग ठरवायचं. त्या फेऱ्या कशा मारायच्या ते इथे लिहितोय. पश्चिम आणि हार्बर रेल्वेची तऱ्हा वेगळी आहे, त्यामुळे मी माझ्या रोजच्या मेन लाईनपुरतंच बोलणार, दादरपासून कल्याणपर्यंत.

आधी लाईन समजून घ्या

मुंबईत पत्ता सांगताना माणसं आधी स्टेशन सांगतात, मग बाजू. "मुलुंड ईस्ट", "डोंबिवली वेस्ट". रूळ हे इथे नदीसारखे आहेत. गाव दोन काठांवर वसलेलं असतं आणि दोन्ही काठांचा स्वभाव, भाडं, बाजार, कधीकधी भाषासुद्धा वेगळी असते. पलीकडे जायला पादचारी पूल, एखादा उड्डाणपूल, क्वचित भुयारी मार्ग. म्हणून नकाशावर "स्टेशनपासून ४०० मीटर" दिसलं तरी घर कुठल्या बाजूला आहे आणि पूल कुठे उतरतो हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

सीएसएमटीपासून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) निघालेली मेन लाईन कल्याणला दोन फाटे फोडते. एक बदलापूरमार्गे कर्जतकडे, दुसरा टिटवाळामार्गे कसाऱ्याकडे. सीएसएमटी ते कल्याण साधारण ५४ किलोमीटर. यातला ठाण्यापर्यंतचा पट्टा सगळ्यात जुना. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी याच वाटेने धावली होती. वस्तीही याच वाटेने, रुळाला धरून सरकत गेली.

आता गाड्या. स्लो लोकल प्रत्येक स्टेशनवर थांबते. फास्ट लोकल भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे थांबते. काही फास्ट विक्रोळी, भांडुप, मुलुंड, दिवा इथेही थांबतात, पण सगळ्या नाहीत. हा फरक घर घेताना फार महत्त्वाचा. कल्याणच्या दिशेला डोंबिवलीनंतरचं स्टेशन ठाकुर्ली. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण ठाकुर्लीला फक्त स्लो. तिथल्या माणसाने दादरला जायचं तर पूर्ण स्लोने जायचं, नाहीतर डोंबिवलीला उतरून फास्टमध्ये घुसायचं.

फलाटावरच्या इंडिकेटरवरची, म्हणजे येणाऱ्या गाडीच्या फलकावरची, अक्षरं पहिल्या दिवशी गोंधळात टाकतात. सुरुवातीचं अक्षर गाडी कुठे जाणार ते सांगतं: टी ठाणे, के कल्याण, ए अंबरनाथ, एस कर्जत, एन कसारा. शेवटचं अक्षर एफ असेल तर फास्ट, एस असेल तर स्लो. म्हणजे पुढे एस असला तर कर्जत आणि मागे असला तर स्लो. डबे १२ की १५ तेही तिथेच दिसतं. पंधरा डब्यांच्या गाडीत चढायचं असेल तर फलाटावर कुठे उभं राहायचं ते बदलतं, म्हणून तिकडे लक्ष ठेवा.

दिवस कोणता

सगळे नवे लोक रविवारी निघतात आणि अडकतात. रविवारी मेगाब्लॉक असतो. रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल यांच्या दुरुस्तीसाठी दिवसा काही तास ठराविक टप्प्यात गाड्या वळवल्या किंवा बंद केल्या जातात. स्लो गाड्या फास्ट रुळांवर गेल्या तर मधली काही स्टेशनं चक्क वगळली जातात. तुम्ही नाहूरला उतरायचं म्हणून बसता आणि गाडी ठाण्याला नेऊन सोडते. ब्लॉक कुठे आहे ते शनिवारच्या वर्तमानपत्रात येतं. त्यापेक्षा पहिली फेरी शनिवारीच करा, सकाळी अकरानंतर. कामाच्या वारीही अकरा ते चार या वेळेत गाड्यांना बऱ्यापैकी जागा असते.

पहिल्या फेरीत तीनच स्टेशनं घ्या. मी नेहमी एक जवळचं, एक मधलं आणि एक लांबचं घेतो. म्हणजे माटुंगा, मुलुंड, डोंबिवली. एका दिवसात सात स्टेशनं करणारा माणूस संध्याकाळी फक्त पाय दुखतात एवढंच सांगू शकतो.

तिकिटाचं सोपं आहे. सेकंड क्लासचं सगळ्यात कमी भाडं पाच रुपये. खिडकीवर रांग असली तर एटीव्हीएम मशीनवर काढा किंवा मोबाईलवर रेलवन अ‍ॅपमधून. चढ-उतार खूप असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचा टुरिस्ट पास मिळतो, तिकीट खिडकीवर मागा. दोन चुका टाळा. फर्स्ट क्लासचा डबा बाहेरून तसाच दिसतो, दाराजवळचे तिरपे पट्टे आणि लिहिलेलं बघून चढा. आणि एसी लोकलचं भाडं वेगळं असतं. साधं तिकीट किंवा साधा पास तिथे चालत नाही. टीसीने पकडलं तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. लेडीज डबे ठराविक जागी असतात, फलाटावर खुणा असतात. काही डबे ठराविक वेळेपुरतेच लेडीज असतात, हेही वाचून घ्या.

उतरल्यावर काय बघायचं

फलाटावर उतरलात की लगेच मोबाईलचा नकाशा उघडू नका. गर्दीबरोबर पुलावर चढा आणि मधोमध, एका कडेला होऊन, पाच मिनिटं उभे राहा. पुलावरून दोन्ही बाजू दिसतात. कुठल्या बाजूला रिक्षांची रांग आहे, कुठे भाजीबाजार, कुठे जुन्या चार मजली इमारती आणि कुठे नवे टॉवर, हे एका नजरेत कळतं. लोक कुठल्या जिन्याकडे जास्त वळतात तेही बघा. जिकडे जास्त लोक, तिकडे संध्याकाळी जिना उतरायलाच पाच-सात मिनिटं जातात.

मग घड्याळ लावा. पुलाच्या शेवटच्या पायरीपासून तुमच्या संभाव्य गल्लीच्या तोंडापर्यंत तुमच्या नेहमीच्या चालीने चाला. दलालाचं "पाच मिनिटं" आणि तुमचं घड्याळ यांचा मेळ क्वचित बसतो. माझा नियम असा: पायी पंधरा मिनिटांच्या आत असेल तर उत्तम. त्याहून लांब असेल तर शेअर रिक्षा किंवा बस कुठून मिळते, रांग केवढी असते आणि रात्री दहानंतर ती मिळते का, ही तीन उत्तरं हातात असल्याशिवाय घर बघायलाही जाऊ नका.

रिक्षाबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मुंबई शहराच्या हद्दीत रिक्षा चालत नाही. या बाजूला ती सायनपासून पुढे सुरू होते. दादर, माटुंग्याला काळीपिवळी टॅक्सी, बस किंवा आपले पाय. मुलुंडपर्यंत रिक्षा बहुतेक मीटरने जाते. ठाण्यापासून पुढे शेअर रिक्षाचं राज्य: स्टेशनबाहेर ठरलेल्या स्टँडवर रांग लावायची, तिघं मागे बसले की गाडी निघते. बसही बदलते. मुंबईत बेस्ट, ठाण्यात टीएमटी, कल्याण-डोंबिवलीत केडीएमटी. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून दहा रुपये झालंय.

चालताना दुकानं वाचा. पोळीभाजी केंद्र, मेस, इस्त्रीवाला, रद्दीवाला, पिठाची गिरणी, रात्री उशिरापर्यंत उघडं असलेलं औषधाचं दुकान. एकट्या राहणाऱ्या नोकरदाराला पोळीभाजी केंद्र असलेल्या गल्लीत निम्मा त्रास कमी होतो. आणि बोला, माणसांशी बोला. माझा अनुभव सांगतो: वस्तीची खरी माहिती इस्त्रीवाल्याकडे असते. कुठल्या इमारतीत पाणी कमी आहे, कुठे एकट्या मुलांना घर देत नाहीत, कुठला मजला रिकामा झालाय, सगळं. "दादा, इथे पाणी किती वाजता येतं?" एवढ्या एका प्रश्नावर तो दहा मिनिटं बोलतो.

दादर आणि माटुंगा

दादरला भाडं परवडणार नाही हे माहीत असलं तरी एकदा पहाटे जा. पश्चिमेला स्टेशनला लागूनच फुलबाजार आहे. झेंडूचे ढीग, अष्टर, शेवंती, ओल्या गोणपाटाचा वास, आणि डोक्यावर टोपली घेऊन "बाजू बाजू" ओरडत जाणारी माणसं. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे भेटतात. आता फलाटांचे क्रमांक दोन्हीकडे मिळून सलग आहेत, १ ते १४, त्यामुळे "कुठला तीन नंबर" हा जुना गोंधळ संपला. मेट्रो ३ भुयारातून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि तिचं स्टेशनही दादरला आहे, त्यामुळे बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वरळी किंवा कफ परेडला ऑफिस असलेल्यांसाठी दादर हे बदलायचं ठिकाण झालंय.

पूर्वेला बाहेर पडून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स असं चालत माटुंग्याला या. मला ही मुंबईतली सर्वात सुंदर पायी वाट वाटते. १८९६ च्या प्लेगने शहराची दाटी जीवघेणी ठरवली, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याचा हा भाग आखून वसवला. रुंद रस्ते, मोठी झाडं, इमारतींमध्ये सोडलेली मोकळी जागा. आजही उन्हाळ्यात दुपारी इथे सावलीतून चालता येतं. माटुंगा पूर्वेला तमिळ, मल्याळी, कन्नड कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. स्टेशनसमोरच रामाश्रयमध्ये फिल्टर कॉफी प्या. छोट्या वाटीत ठेवलेला पेला येतो, तो वाटीतच ओतून गार करून प्यायचा. गल्लीत केळीची पानं, जाईचे गजरे, नारळ विकणारे बसलेले असतात. माटुंगा स्टेशनचा कारभार २०१७ पासून महिला कर्मचारी पाहतात, तेही बघून या.

नवख्याला इथे परवडेल ते पेइंग गेस्ट म्हणून एखादी खाट. ऑफिस फोर्ट किंवा परळला असेल आणि रोजचे दोन-अडीच तास वाचवायचे असतील तर तेही वाईट नाही. फक्त पावसाळ्यात हिंदमाता आणि गांधी मार्केटच्या बाजूला पाणी तुंबतं, तिकडची खोली घेताना शेजाऱ्यांना विचारा.

सायन ते भांडुप

हा पट्टा मी थोडक्यात सांगतो, कारण इथे घर शोधणारा बहुतेक वेळा ऑफिसच्या ठिकाणामुळेच येतो. सायनचा जुना रेल्वेवरचा पूल पाडण्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, तेव्हा पूर्व-पश्चिम जायची वाट आधी विचारून घ्या. कुर्ल्याला हार्बर मिळते आणि पश्चिमेकडून बीकेसीला शेअर रिक्षा जातात; संध्याकाळी तिथली गर्दी स्वतः बघितल्याशिवाय बीकेसीसाठी कुर्ला निवडू नका. घाटकोपरला मेट्रो १ लागते, ८ जून २०१४ पासून वर्सोव्यापर्यंत. अंधेरीला नोकरी आणि मध्य रेल्वेवर घर हे गणित तिच्यामुळे जमलं. मात्र सकाळी लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्यापर्यंत जाणं हीच एक परीक्षा आहे. पूर्वेला गुजराती वस्ती मोठी, खाऊगल्लीत डोसे आणि चाटचे इतके प्रकार की तासभर तिथेच जातो. पंतनगरची म्हाडाची वसाहत, विक्रोळी पूर्वेचं कन्नमवार नगर आणि टागोर नगर इथे पुनर्विकास जोरात सुरू आहे. म्हणजे जुनी इमारत स्वस्तात मिळाली तर ती पाडायला कधी काढणार आहेत ते नक्की विचारा. पवईत किंवा आयआयटीत काम असेल तर कांजुरमार्गला उतरून रिक्षा. भांडुप पश्चिम डोंगरउतारावर चढत गेलंय. तिथे "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हटलं की चढ आहे का ते आधी विचारायचं.

मुलुंड आणि ठाणे

मुलुंड हे मुंबई महापालिकेचं या बाजूचं शेवटचं स्टेशन. मला अजूनही कुणी विचारलं की "कुटुंबासाठी कुठे?", तर बजेट पुरत असेल तर मी मुलुंड म्हणतो. पश्चिमेला पाच रस्ता आहे. शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा हा भाग. इथे रस्ता चुकणं अवघड. पुढे योगी हिल्सकडे गेलात तर पाठीमागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. कालिदास नाट्यगृह पश्चिमेलाच. पूर्व बाजू लहान, निवांत आणि जास्त मराठी. नवघर रस्त्याने संध्याकाळी चाललात तर खिडक्यांतून टीव्हीचे, तंबोऱ्याचे, कुणाच्या अभ्यासाचे आवाज एकत्र येतात.

इथेच मी एकदा फसलो. मे महिन्यात, कडक उन्हात तळमजल्याची खोली बघितली आणि घेतली. गल्ली स्वच्छ, कोरडी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठलो तेव्हा चपला खोलीत तरंगत होत्या. दलालाला माहीत होतं, घरमालकाला माहीत होतं, समोरच्या किराणावाल्यालासुद्धा माहीत होतं. मी त्याला विचारलं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही गल्लीत गेलो की भिंतींचा खालचा हात-दीड हात बघतो. पाणी साचत असेल तिथे रंगाचा पोपडा एका सरळ रेषेत सुटलेला असतो, आणि मीटरची पेटी मुद्दाम उंचावर बसवलेली असते. दुकानांचे उंबरे नव्याने सिमेंटने वाढवलेले दिसले तर समजा. २६ जुलै २००५ ला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं, हा प्रश्न जुन्या रहिवाशांना विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि प्रत्येक जुन्या माणसाला आपल्या दारातली पातळी हाताने दाखवता येते.

मुलुंडनंतर महापालिका बदलते, ठाण्याचा कारभार सुरू होतो. ठाण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो: ठाणे स्टेशन आणि "ठाण्यातलं घर" यात कधीकधी एक तासाचं अंतर असतं. नौपाडा, राम मारुती रोड, गोखले रोड, चरई ही स्टेशनजवळची जुनी वस्ती. चालत तलावपाळीला, गडकरी रंगायतनला, कौपिनेश्वराच्या देवळात जाता येतं. घोडबंदर रोडवरचे टॉवर देखणे आहेत, हवा चांगली आहे, पण तिथून स्टेशनला यायला बस किंवा रिक्षा आणि वाटेतली वाहतूक कोंडी. ऑफिस मुंबईत असेल तर त्या रस्त्याने एकदा सकाळी आठ वाजता स्टेशनला येऊन बघा, मगच ठरवा. ऑफिस ऐरोली, घणसोली, महापे या बाजूला असेल तर ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल आहे, आणि मग ठाण्यासारखं सोयीचं स्टेशन नाही.

कळवा, मुंब्रा, दिवा

ही तीन स्टेशनं स्वस्त आहेत आणि त्याचं कारण गाडीत आहे. कळवा आणि मुंब्रा इथे फक्त स्लो. मागून भरून आलेल्या गाडीत चढायला जागा नसते. मी कळव्याला असताना सकाळी दोन-दोन गाड्या सोडायचो. पुष्कळ लोक उलटे जातात, म्हणजे आधी डाऊन (सीएसएमटीपासून लांब जाणाऱ्या) गाडीने मागच्या स्टेशनला जाऊन तीच गाडी परत निघताना जागा धरून बसतात. तसं करायचं असेल तर पास त्या मागच्या स्टेशनपर्यंतचा काढा, नाहीतर दंड होतो. दाराला लटकून मात्र कधीही जाऊ नका. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातली माणसं रुळांवर पडली, काहींचा जीव गेला.  गाडी सोडा, साहेब ओरडेल, ओरडू दे.

डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण

गिरगाव, दादर, परळच्या चाळींतल्या दहा बाय दहाच्या खोलीत जागा पुरेना, तेव्हा मराठी मध्यमवर्ग मोठ्या संख्येने डोंबिवलीला आला. म्हणून इथे वाचनालयं, गाण्याचे क्लास, दिवाळी अंकांची दुकानं अजून टिकून आहेत. पूर्वेला उतरून फडके रोडने गणपतीच्या देवळापर्यंत चाला. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे हा रस्ता नव्या कपड्यांतल्या पोरापोरींनी भरतो. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये याच देवळापासून सुरू झाली आणि मग गावोगावी पोचली.

टिळकनगर, पेंडसेनगर हे पूर्वेचे चालत जाण्यासारखे भाग. मानपाडा रोडने पुढे एमआयडीसीचा निवासी विभाग आहे: बंगले, झाडं, शांतता. तिथे घर बघताना संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे जा, कारण कारखान्यांचा वास दुपारी जाणवत नाही. पश्चिमेला विष्णुनगर, पुढे खाडी. भाडं पूर्वेपेक्षा बहुधा थोडं कमी. शीळ रस्त्यावरच्या मोठ्या टाऊनशिपच्या जाहिरातीत "डोंबिवली" असतं, पण स्टेशनपासूनचं अंतर किलोमीटरात विचारा, मिनिटांत नको.

ठाकुर्ली मला मनापासून आवडतं. नव्वद फुटी रस्ता रुंद आहे, संध्याकाळी लोक तिथे चालायला येतात. कोपर स्टेशनही एकदा बघा: खालून मेन लाईन, वरून दिवा-वसईची लाईन, दोन मजली स्टेशन. वसई-विरारकडे नोकरी असणाऱ्याला ही लाईन उपयोगी आहे, पण गाड्या मोजक्या.

कल्याणला फायदा असा की काही लोकल तिथूनच सुटतात, बसायला जागा मिळू शकते. पश्चिमेला पारनाका हा जुना कल्याणचा गाभा, सुभेदार वाडा, पुढे दुर्गाडी किल्ला. नवी वस्ती खडकपाडा, आधारवाडीकडे. पूर्वेला कोळसेवाडी, लोकग्राम. भाडं कमी, पण पश्चिमेच्या बाजारात यायला पूल ओलांडावा लागतो. बदलापूरच्या दिशेला आणखी स्वस्त मिळतं; मात्र उल्हास नदीच्या जवळचं घर पावसाळा बघितल्याशिवाय घेऊ नका. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, यावरून अंदाज करा.

दुसरी फेरी: कामाच्या दिवशी सकाळी

शनिवारी मन बसलेलं स्टेशन सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी साडेआठला परत गाठा. ऑफिसची बॅग, डबा, छत्री सगळं घेऊन. जिथून चढायचं तिथूनच चढा आणि थेट ऑफिसच्या दारापर्यंत जा. पहिली गाडी मिळाली का? किती गाड्या सोडाव्या लागल्या? दारातून आत सरकता आलं का? डोंबिवली ते सीएसएमटी फास्टने साधारण एक तास. पण घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत किती, ते याच दिवशी कळतं. त्यात पावसाळ्याचे पंधरा मिनिटं मिळवा.

गाडीत चढल्यावर आतल्या बाजूला सरका आणि उतरायच्या दोन स्टेशनं आधी पुढच्याला विचारा, "उतरणार का?" फलाट कुठल्या बाजूला येतो तेही त्यालाच विचारा. कुणी हसत नाही. रोजचे लोक नव्या माणसाला फार सांभाळून घेतात. बसायला मिळालं नाही तर बसलेल्याला "कुठे उतरणार?" विचारून ठेवा, ती जागा मग तुमची.

तिसरी फेरी आणि कागद

तिसरी फेरी रात्री. दहाच्या पुढे स्टेशनवर उतरा आणि त्याच गल्लीने चालत जा. दिवे आहेत का, कुत्री किती, रिक्षा मिळते का, दुकानं उघडी आहेत का. मुलींनी एकटं घर घ्यायचं असेल तर ही फेरी कुणाला तरी सोबत घेऊन, पण नक्की करा.

इतकं झाल्यावर दलालाला फोन करा. दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी मागतात. आधी ठरवून घ्या, घर बघायचे वेगळे पैसे देऊ नका. करार बहुतेक वेळा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी असणं आणि नोंदणी होणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. "साध्या स्टॅम्पपेपरवर करू" म्हणाला तर नको म्हणा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली जाते, तिची प्रत मागून घ्या. डिपॉझिट बँकेतून द्या. पाणी किती वेळ येतं, टाकी आहे की नाही, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे करार व्हायच्या आधी विचारा. सोसायटीचा चौकीदार यातलं सगळं खरं सांगतो.

रेल्वेचा पास मात्र पहिल्या आठवड्यात काढू नका. आठ दिवस रोजचं तिकीट काढून जा, म्हणजे दोन स्टेशनांपैकी कुठून चढायचं आणि कुठपर्यंतचा पास लागेल ते ठरेल. माझी भाची गेल्या वर्षी अशीच तीन फेऱ्या मारून ठाकुर्लीला राहिली. पुलाच्या शेवटच्या पायरीपासून तिच्या फाटकापर्यंत अकरा मिनिटं. पास तिने आधी ठाकुर्लीचा काढला होता. महिनाभराने कल्याणचा काढला, कारण सकाळची गाडी तिला तिथून बसून मिळते.